सही जुळत नाही

आडनाव निखारे, धंदा मात्र गारव्याचा.
सक्करदऱ्याला कूलरचं दुकान:
वाळ्याच्या पट्ट्या, पंप, मोटर रिवाइंडिंग.
माझं वर्ष होळीला सुरू होतं, मृगाला संपतं,
बाकीचे महिने त्यावरच काढायचे.
त्यातून गेल्या माघात
चार हजार तीनशे अडुसष्ट गेले.
पासबुकात एकच ओळ: विमा हप्ता.
कसला विमा? कोणाचा?
घरात कोणी मरायच्या बेतात नव्हतं.

साळा तापला. भाऊजी, काहून चूप बसता?
दहा पोट्टे घेऊन जाऊ, शटर पाडू त्यायचं.
म्हटलं, तुले कूलर समजते का?
पाणी नाही चढलं की लोक टपावर बुक्की मारतात.
पत्रा चेपते. पाणी चढत नाही.
आधी प्लग पाहावं. मग पंप. मग जाळीतला कचरा.

पहिला अर्ज चार पानी झाला.
त्यात चोर तीनदा, गरीब पाचदा,
मुख्यमंत्री एकदा.
रात्री पोरीनं पेन्सिल घेतली.
उरलं ते पोस्टकार्डात मावलं असतं:
तारीख. रक्कम. हा फॉर्म मी भरला नाही,
असल्यास दाखवावा. पैसे परत करावेत.
पोच द्यावी.

काउंटरवर नवीन मॅडम, ओडिशातल्या बारगडच्या.
मराठी तीनच शब्द: थांबा, उद्या, झेरॉक्स.
हप्ता कापला तेव्हा त्या या गावातही नव्हत्या.
त्यांच्यावर ओरडणं म्हणजे
लाइन गेली म्हणून मीटर वाचणाऱ्याला धरणं.
एकदा ओरडलो मात्र. खोटं कशाला सांगू?
नवतपा, शेहेचाळीस, टोकन एकशे बारा,
आणि त्या म्हणाल्या, थांबा.
दुसऱ्या दिवशी आधी माफी मागितली,
मग पोच.

पाचव्या फेरीला फॉर्म निघाला.
सही इंग्रजीत, गोल गोल, शाळकरी.
मी मराठीत करतो,
शेवटच्या रे ची मात्रा पतंगासारखी सोडतो.
मोहरीलसाहेब गप्प. मीही.
जिभेवर आलं होतं: तुमच्याच माणसाचं काम.
पण करताना मी पाहिलं नव्हतं.
माहीत होतं तेवढंच लिहिलं: ही सही माझी नाही.
खाली माझी केली. आता दोन्ही समोरासमोर.
तीस दिवस वाट पाहीन, मग लोकपालाकडे,
हेही लिहिलं, दुधाचा हिशोब लिहावा तसं.

सव्विसाव्या दिवशी पैसे आले.
सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा आले.
तेवढेच.

साळा म्हणे, देवानं व्याज दिलं.
बायको काही बोलली नाही, अंबाडी निवडत राहिली.
फ्रिजचे दोन हप्ते राहिले होते, मला ठाऊक होतं,
तिलाही.
त्या रात्री कूलर नीट चालू असून झोप नव्हती.
सकाळी नवा अर्ज, नमुना जुनाच:
तारीख. रक्कम. हे पैसे माझे नाहीत.

मॅडमनी दोनदा वाचला.
पैसे परत घ्यायचा फॉर्म शाखेत नव्हता.
थांबा, म्हणाल्या. थांबलो.
उद्या, म्हणाल्या. गेलो.
झेरॉक्स, म्हणाल्या. आणली.
चौथ्या दिवशी फॉर्म सापडला, मी सही ठोकली.
त्यांनी पडद्यावर पाहिलं, कागदावर पाहिलं,
पुन्हा पडद्यावर,
आणि शब्द जुळवत जुळवत, हळूच:
काका, सही जुळत नाही.

मोहरीलसाहेब केबिनमध्ये
अचानक कपाटात काही शोधू लागले.
मला हसू आलं. मॅडमना कारण कळलं नाही,
तरी त्याही हसल्या.

बोटांना मोटरचं ग्रीस होतं.
पुसलं विजारीला.
पुन्हा केली.